मथुराबाईची गाडी बोपदेव घाट चढते

मुळशीच्या डोंगरातली मथुराबाई लग्न होऊन कोथरूडच्या कडेच्या गावात आली, तेव्हा दारापुढं ज्वारी उभी असायची. पुढं शहराची हद्द सरकत सरकत आली, ज्वारीच्या जागी सोसायट्या उगवल्या, आणि गाव आपल्याच शिवारात पाहुण्यासारखं राहू लागलं. जमिनीचा व्यवहार थोरले दीर आप्पासाहेब यांनी केला. मथुराबाईचा नवरा संपत धाकटा. त्याला रस्त्याकडेचा गाळा देतो म्हणाले होते. हातात आल्या मागच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. संपत त्यावरून मनात कुढत राहिला. मथुराबाईला कुढायला सवड नव्हती. तिनं शेडमध्ये चुली मांडल्या आणि कॉलेजच्या पोरापोरींना भाकरी-भाजीचे डबे सुरू केले.

डबे साठावर गेले, तशी रिक्षा परवडेना. मग त्रेचाळिसाव्या वर्षी, नऊवारीचा काष्टा आवळून, ती ड्रायव्हिंग शिकायला गेली. शिकवणारा पहिल्या दिवशी हसला. पंधराव्या दिवशी तो हसायचा थांबला.

गाडी मिळाली ती दीनानाथ मास्तरांची. निवृत्त शिक्षक, सोसायटीत एकटेच राहायचे. पाच दारांची, बुटकी, फिकट निळी गाडी. वय बारा वर्षं. मास्तरांनी चहा विचारला नाही, पण गाडीचा एकही दोष लपवला नाही.

"पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो. टाकी रिकामी असली तरी अर्ध्यावरच. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तिसरा गिअर चढावर निसटतो, हातानं धरून ठेवावा लागतो. आणि इंजिन तापलं की पंखा आपोआप फिरायला हवा, तो आपोआप फिरत नाही. बटण बसवलंय, आपण दाबायचं."

"मग चांगलं काय हाय, मास्तर?"

"मला तिनं आजवर रस्त्यात सोडलेलं नाही. आता घ्यायची तर दोषांसकट घ्या. वेगळे काढून ठेवायला आमच्याकडे जागा नाही."

मथुराबाईला हा माणूस आवडला आणि त्याची गाडीही. वर्षभरात तिनं गाडीचं सगळं बोलणं ओळखीचं करून घेतलं. चाक कण्हतंय की पट्टा किरकिरतोय, हे तिला पीठ मळता मळता अंगणातून कळायचं. पेट्रोल ती किलोमीटर मोजून भरायची. तिसरा गिअर डाव्या हाताच्या मुठीत असा धरायची, जसा वासराचा कासरा.

आप्पासाहेब मात्र त्या गाडीत कधी बसले नव्हते. त्यांच्या दारात पांढरी, उंच, नवी गाडी होती, हे एक कारण. दुसरं कारण घराण्याच्या रीतीचं. त्या घरात धाकटी भावजय थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, त्याच्यासमोर बसत नसे, आणि त्याच्याकडं पाठ तर कधीच करत नसे. आता गाडी भावजय चालवणार म्हटल्यावर दिरानं तिच्या पाठीकडं बघत बसायचं?

मथुराबाईच्या मुलीचं, हेमाचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका कुलदैवताला, म्हणजे जेजुरीला खंडोबापुढं ठेवायची, आणि ती घरातल्या थोरल्यानं न्यायची.

"उद्या सकाळी आपल्या मोठ्या गाडीतनं निघू," आप्पासाहेब म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही चला. मान तुमचा हाय. पण पत्रिका माझ्या गाडीतनं जाईल. पोरीचं लगीन त्याच गाडीनं उभं केलंय."

"ते भांडं? बोपदेव घाटात उभं राहील, आणि पै-पाहुण्यांत घराण्याचं हसं होईल."

"उभं राहिलं तर राहिलं."

"मग माझं ऐक. घाटात थांबली, तर दुसऱ्या दिवशी ती भंगारात. कबूल?"

मथुराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "कबूल."

"बघायला मी स्वतः बसतो," असं म्हणून आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी खरंच मागच्या सीटवर बसले. गुडघे छातीशी आले होते. पत्रिका मांडीवर धरून हेमा पुढं बसली.

वैशाखाचं ऊन. स्वारगेट मागं पडलं, कोंढवा मागं पडला आणि रस्त्यानं मान वर केली. मथुराबाईनं पंख्याचं बटण दाबलं आणि कान दिला. रोज ऐकू येणारी घरघर आली नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. तापमानाचा काटा हळूहळू चढू लागला, आणि हा काटा खोटारडा नव्हता.

तिनं चारी काचा खाली करायला लावल्या आणि हीटर पूर्ण सोडला.

"मथुरा! डोकं ठिकाणावर हाय का? मे महिन्यात हीटर?"

"इंजिनाचा ताप आपण अंगावर घ्यायचा, भाऊजी. वाटून घेतला की तिला कमी होतो."

गाडीत भट्टी पेटली. आप्पासाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मथुराबाईचा एक हात स्टीअरिंगवर, एक तिसऱ्या गिअरवर; डोक्यावरचा पदर घसरला आणि तो सावरायला तिसरा हात नव्हता. हेमानं हात पुढं केला.

"राहू दे," मथुराबाई म्हणाली. "दिसायचं ते दिसलं."

अर्धा घाट झाला. काटा पार टोकाला टेकायच्या आत तिनं रुंद वळण बघून गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. बॉनेट उघडलं. आप्पासाहेब उतरून तरातरा पुढं आले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागले. मथुराबाईनं त्यांचा हात फटकन् बाजूला केला. सगळ्या जन्मात तिनं दिराला हात लावलेला तो पहिलाच.

"उकळतं पाणी तोंडावर येईल! निवू द्या आधी."

आप्पासाहेब हात चोळत राहिले. मग त्यांना पैज आठवली. "थांबली. बघितलंस ना? थांबली."

"थांबली," मथुराबाई म्हणाली. "मी हरले. पण गाडी देणार न्हाई."

"शब्द दिलावतास!"

"दिलावता. मोडते. या घरात शब्द मोडणारी मी काय पहिली न्हाई. त्या गाळ्यापासनं मोजायला बसू का? पाणी निवायला अर्धा तास हाय."

आप्पासाहेबांनी दरीकडं तोंड केलं. खाली सगळं पुणं उन्हात पसरलं होतं. एक जीप वर येत होती. त्यांनी हात केला, ती थांबली, आणि ते चढून बसले.

"पत्रिका दे इकडं."

हेमानं आईकडं बघितलं. मथुराबाईनं नाही म्हणून मान हलवली. जीप गेली.

पाणी निवलं. तिनं फडकं धरून झाकण उघडलं, बाटलीतलं पाणी ओतलं, किल्ली फिरवली. उरलेला घाट गाडी कण्हत, पण न थांबता चढली. जेजुरीला आप्पासाहेब पायऱ्यांशी उभे होते. मथुराबाई त्यांच्या शेजारून गेली आणि पत्रिका तिनं आपल्या हातानं देवापुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भंगारवाला उभा राहिला. आप्पासाहेबांनीच धाडला होता. डब्यात भाज्या भरता भरता मथुराबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलास ते बरं झालं," ती म्हणाली. "या गाडीच्या मापाचा चालू पंखा हाय का रं तुझ्याकडं?"