पपा म्हणाले, डिकीत बंदूक आहे

मंडळी, आज दुपारी इथे जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळ पोलिसांनी आमची गाडी थांबवली. साधीच तपासणी. मी चालवत होते, शेजारी माझे जर्मन सासरे, म्हणजे पपा.

मी लायसन्स काढतेय तोच पपा म्हणाले, "मी शिकारी आहे. डिकीत बंदूक आहे."

चाळीस वर्षं ते असंच सांगत आलेत. मलाही बजावायचे, पोलिसांनी विचारायची वाट बघायची नाही, आपणच आधी खरं सांगून मोकळं व्हायचं.

पण स्मृतिभ्रंशामुळे त्यांचा परवाना गेला, बंदूकही गेली. वर्ष झालं. मी हे सांगेपर्यंत आम्हाला खाली उतरवलं होतं, हात गाडीवर ठेवून.

डिकीत निघाला पपांचा वॉकर आणि डायपरचं पाकीट.

पपा वाकून शोधतच राहिले. मग घाबरून म्हणाले, "कुठे गेली गं? मी खोटं नाही बोललो."

"साफ करायला दिलीय, पपा."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मग डिकी अगदी हळू लावली.

गाडी निघाल्यावर पपांनी विचारलं, "कधी मिळेल?"

"उद्या," म्हटलं.

तुम्ही काय सांगितलं असतंत?