पड आणि पडीक

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळे मोजणीबाई म्हणतात. टेकडीखालचं सामाईक रान दर हंगामाला त्या स्वतः पावलांनी मोजतात आणि घरटी एकेक पट्टा वाटून देतात. एकदा कचेरीतला माणूस टेप घेऊन पडताळायला आला. हातभर फरक निघाला. जाऊबाई म्हणाल्या, टेप पुन्हा लावा. त्यानं लावला, तर टेपच ढिला धरला होता. तेव्हापासून त्यांच्या पावलांवर कुणी शंका घेत नाही.

या रानाचे तीन भाग. दोन पेरायचे, एकाला वर्षभर विसावा द्यायचा. विसाव्याचा तो भाग म्हणजे पड. घरात बोलताना आम्ही सरसकट पडीक म्हणतो, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

कार्बनवाल्या कंपनीचा माणूस आला. गाडी चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. तुमच्या रानात आम्ही झाडं लावू, झाडांनी गिळलेला धूर दूरच्या कारखान्यांना त्यांच्या धुराची भरपाई म्हणून विकू, त्यातला वाटा तुम्हाला देऊ. माती वाहून जाते ना, तर बांधही घालून देऊ. फक्त चाळीस वर्षांची सही हवी. आमचे हे रानाच्या समितीचे सचिव. ह्यांनी अर्ज भरला आणि जमिनीच्या प्रकारापुढे वळणदार अक्षरात लिहिलं, पडीक. ह्यांच्या मनात यंदाची पड. कागदाच्या लेखी ओसाड, कुणाच्या उपयोगाची नसलेली. कागदावर तिन्ही भागांचा नंबर एकच, त्यामुळे पिकतं रानसुद्धा ओसाड ठरलं.

कराराचा मसुदा आला तेव्हा जाऊबाईंनी त्यातलं कलम शोधून काढलं. जमीन पडीक असल्यानं पुढे पेरणी नाही, आणि गुरं चारायची तर कंपनीची परवानगी. त्यांनी ह्यांना शब्द दुरुस्त करायला सांगितलं. हे अडून बसले. एवढ्या लोकांपुढे चूक कबूल करायची म्हणजे तोंड कुठं लपवायचं? आणि खोटं कशाला बोलू, मलाही फुकटच्या बांधांचा मोह पडला होता. मी नवऱ्याचीच री ओढली.

जाऊबाई वाद घालत बसल्या नाहीत. सह्यांच्या सभेला आठवडा होता. पावसात माती जिथं जिथं फुटून वाहते तिथं त्या पावलं मोजून खुंट्या ठोकत सुटल्या. लोक हसले, बाईला उद्योग नाही म्हणाले. चौथ्या दिवशी मी जेवण घेऊन गेले आणि चिडून बोलले, ‘ताई, या वयात कशाला जीव काढता? घरात दोन घास कमी आहेत का?’

‘कमी नाहीत गं,’ त्या म्हणाल्या. ‘तू नाहीही म्हणणार नाहीस. पण ते मागावे मलाच लागणार ना?’

थोरले दीर गेले तेव्हा घरचं शेत सोयीसाठी म्हणून जाऊबाईंच्या एका सहीनं ह्यांच्या एकट्याच्या नावावर झालं होतं. सोय कुणाची, हे मी कधी विचारलं नव्हतं. जगात जाऊबाईंच्या हक्काचा होता तो सामाईक रानात थोरल्यांच्या नावानं त्यांना वेगळा मिळणारा पट्टा, आणि आम्ही तोच सहीवर घालवायला निघालो होतो. माझी मलाच इतकी लाज वाटली की डबा तिथंच ठेवून मी खुंट्या धरायला लागले.

सभेत मीच उभी राहिले. म्हटलं, तो शब्द आमच्या घरातून गेलाय, तो चुकीचा आहे, आणि चूक माझ्या नवऱ्याची आहे. हे लालबुंद झाले. आता घरात महाभारत होणार, हे मी धरूनच चालले होते. पण जाऊबाईंनी कंपनीच्या माणसापुढचा अर्ज उचलून ह्यांच्यापुढे सरकवला.

‘भाऊजी, अक्षर तुमचंच चांगलं. तुम्हीच दुरुस्त करा.’

ह्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग शब्द खोडून लिहिलं, ‘एक भाग यंदा पड, बाकी पिकाखाली. जमीन द्यायची नाही.’ आणि खाली सही केली. एकेक करत सगळ्या घरांनी केली.

कंपनीच्या माणसानं विचारलं, मग बांध कोण घालणार? जाऊबाईंनी खुंट्यांचा हिशोब वाचून दाखवला. घरटी इतकी पावलं बांध, आठवड्यातला एक दिवस काम. आमच्या वाट्याला सगळ्यात खडकाळ तुकडा आला. मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, मोजणीत नाती धरत नाही.

महिन्याभरात निम्मे बांध उभे राहिले. मग घरच्या शेतावर त्यांचं नाव लावायला आम्ही तिघं कचेरीत गेलो. हे मी ठरवलं होतं, आणि ह्यांनी एका शब्दानंही मोडता घातला नाही. कारकुनानं कागद पुढे केला, सही कुठं करायची ते दाखवलं. मागं रांग खोळंबली होती. हे म्हणाले, वहिनी, करा सही, घरचाच कागद आहे.

‘घरचाच आहे म्हणून तर वाचते,’ जाऊबाई म्हणाल्या, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मगच सही केली.