निळीतली साडी
आमच्या रायपुरातल्या बूढापाऱ्याच्या किराणा दुकानात निळीची बाटली दिसली की माझं तोंड अजून कडू होतं. तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि मी कॉलेजात कॅमेरा शिकत होते. सरांनी आईची मुलाखत टिपून आणायला सांगितलं होतं. आधी कॅमेऱ्याला काहीतरी पांढरंशुभ्र दाखवायचं, म्हणजे बाकीचे रंग खरे येतात, असं ते शिकवायचे. आमचं घर सिलतऱ्याला, कारखान्यांच्या धुराखाली. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत काळवंडायचे. म्हणून आईनं बुद्धविहारात जाताना नेसायची पांढरी साडी दुप्पट नीळ घालून धुतली आणि घरातच पंख्याखाली वाळवली. "कॅमेऱ्याले मळकं काहून दाखवायचं?" म्हणाली. मी तिचा पदर कॅमेऱ्याला दाखवला. निळीनं कॅमेरा फसला, निळसरालाच पांढरं धरून बसला आणि आईचा हसरा चेहरा हळदीसारखा पिवळा आला. वर्गात टेप लावल्यावर सर म्हणाले, "मम्मी को पीलिया है क्या?" आईला कावीळ झालीय का, म्हणून सगळे हसले. चूक कशी होते ते दाखवायला टेप त्यांनी ठेवून घेतली. पुढच्या वर्षी कँटीनमध्ये एका नव्या पोट्टीनं विचारलं, "दीदी, वो पीलिया वाली आंटी आपकी मम्मी हैं?" आई गेली तेव्हा मी टेप मागायला गेले. तिचं बोलणं, हसणं दुसरीकडे कुठंच नव्हतं, आणि तो पिवळेपणा तोवर मला संगणकावर मिनिटभरात काढता येत होता. सर म्हणाले, "वो तो नहीं दे पाएँगे बेटा, हर साल बच्चों को दिखानी पड़ती है."