झटक्याची तालीम

बाई पेशंटशीच बोलायच्या, सोबत आलेल्यांशी नंतर. चहा गार झाल्याशिवाय प्यायच्या नाहीत. दुसऱ्याचं पेन घ्यायच्या आणि विसरायच्या. 'ती फिटवाली' असं कुणी म्हटलं की थांबवून तिचं नाव विचारायच्या. आणि दिवसातून एकदा तरी, चप्पल काढून, केबिनमध्ये जमिनीवर आडव्या व्हायच्या.

बाई मेंदूच्या डॉक्टर. मी साहित्यात एम.ए. करून त्यांच्याकडे फोन उचलत होतो. त्या मला 'कवी' म्हणायच्या. मी कविता लिहीत नाही.

आडवं होणं हा उपचारच होता. "गोळ्या मी देते. पण फिटचा झटका येतो तेव्हा मी नसते, तुम्ही असता," असं म्हणून त्या झटक्याचं सोंग घ्यायच्या. घरच्यांनी त्यांना सांभाळायचं. कुणी दातांत चमचा घालायला आलं की एक डोळा उघडून विचारायच्या, "भरवताय काय?"

शिवणकाम करणारी एक सून यायची. तिला मूल हवं होतं. तिचं जुनं औषध पोटातल्या बाळाला घातक, म्हणून ते हळूहळू उतरवून दुसरं चढवायचं चाललं होतं. मधल्या काळात झटके परतण्याची भीती. नवरा फिरतीवर. घरी फक्त सासू, आणि ती झटका आला की डोळे मिटून घ्यायची.

"सासूबाई तयार झाल्याशिवाय पुढची गोळी कमी होणार नाही," बाई म्हणाल्या.

"माझेच हातपाय गळतात हो."

"मग काय, सुनेच्या शेजारी आडव्या होणार?"

"होईन की. तिची गादी मऊ आहे."

सगळ्यांत मोठ्याने बाईच हसल्या.

दोन-तीन तालमी फसल्या. त्या दिवशी मी फाइल घेऊन दारात होतो. बाई आडव्या झाल्या. हातपाय ताठ, मग थरथर, मग सैल. सासूने डोळे उघडे ठेवले. खुर्ची सरकवली. बाईंना कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली, घड्याळ पाहिलं. "मी आहे हं इथे," असं म्हणत राहिली. एरवी यानंतर बाई उठून शाबासकी द्यायच्या.

त्या उठल्या नाहीत.

"परीक्षा बघतायत," सून कुजबुजली. सासू घड्याळाकडे बघत बसली. पाच मिनिटं थांबायचं, मग ॲम्ब्युलन्स, असं बाईंनीच शिकवलं होतं. ओठ निळे दिसले तेव्हा मी फोन केला. बाईंचं हृदय कधीच बंद पडलं होतं.

काही दिवसांनी दोघी आल्या. मी दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. सासूने तो पर्समध्ये ठेवला, पण उठली नाही.

"मला जमलं होतं ना रे? तू होतास तिथे."

"जमलं होतं."

"मग आता गोळी कमी करायची होती."

सुनेचं जुनं औषध अर्ध्यावर उतरलं होतं. नवं अर्ध्यावर चढलं होतं.