किल्लेदार चुकला

"किल्लेदार चुकला!" बसमध्ये शेजारी टेकता टेकता ते म्हणायचे आणि इअरफोनची उजवी बाजू माझ्या हातात द्यायचे. डावी त्यांच्या कानात आधीच असायची. कशी आहेस, काय आहेस, ते नंतर.

ते आमच्या ऑफिसच्या स्टोअरमध्ये होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. डोंबिवलीहून बाळकुमला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आमच्या सीटा शेजारी आल्या आणि मी त्यांच्या पुस्तकात अडकले. फोनवर ऐकायचं पुस्तक, एका किल्ल्याला पडलेल्या वेढ्याचा इतिहास. शाळेत इतिहासात मी जेमतेम पास व्हायचे. पण वाचणाऱ्याचा आवाज असा, की शीळफाट्याला बस तासभर अडकली तरी माझी तक्रार नसे. काका तर ट्रॅफिक दिसला की खूश. "आज दीड प्रकरण होणार बघ!"

नियम एकच होता. "एकटीने पुढे ऐकायचं नाही हं. किल्लेदाराला मध्येच सोडून जायचं नाही."

मग शत्रूने बुरुजाखाली सुरुंग खणायला घेतला. खणतायत कुठे हे कळावं म्हणून किल्ल्यातली माणसं जमिनीवर पाण्याची परात ठेवून पाणी हलतं का बघत बसायची. काकांनी तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन ऐकला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मीपण परात ठेवलीय. खांबापाशी."

मी हसले. तुम्हीही हसला असता.

"कुठला खांब?"

"हॉलमधला. बोट जाईल एवढी चीर आहे त्याला."

हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या इमारतीच्या गेटवर 'धोकादायक'ची नोटीस दोन पावसाळे लटकत होती. तुम्ही आमच्या भागातले असाल तर असल्या नोटिशीखालूनच भाजी घेऊन येत असाल. काकूंना त्यांनी टिटवाळ्याला मेहुणीकडे पाठवलं होतं. स्वतः मात्र हलायला तयार नव्हते. घर रिकामं दिसलं की नव्या इमारतीच्या यादीतून नाव उडतं, अशी तिथे प्रत्येकाची खात्री. कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

आणि हाच माणूस रोज बसमध्ये किल्लेदारावर चिडायचा. "अरे बाबा, मागचा दरवाजा उघडा आहे, माणसं घेऊन बाहेर पड की! दगडांसाठी मरतोस होय?"

एकदा मला राहवलं नाही. "काका, आणि तुम्ही?"

"किल्लेदाराला बाहेर दुसरं घर कुठे होतं गं?"

मी इअरफोन परत कानात घातला. मला पुढचं ऐकायचं होतं. त्याची आज फार लाज वाटते.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी किल्लेदाराला शिव्या देणंच सोडलं. एका सकाळी नुसतं म्हणाले, "काल पाणी हललं."

"ट्रक गेला असेल, काका."

"असेल."

दुसऱ्या दिवशी बस सुरू व्हायच्या आतच म्हणाले, "ट्रक नव्हता गं." त्या दिवशी पुस्तक चालू होतं, पण दोघांपैकी कोणीच ऐकत नव्हतं.

मंगळवारी ते स्टॉपवर नव्हते. पुढचा रस्ता दोरी लावून बंद केलेला, म्हणून ड्रायव्हरने बस दुसरीकडून काढली. मी फोन लावत राहिले.

त्यांच्या शेजाऱ्यांची पालिकेच्या शाळेत सोय केली होती. संध्याकाळी मी तिथे गेले, तेव्हा त्या शेजाऱ्यांनीच सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी काका परात हातात घेऊन दारोदार फिरले. "पाणी हललं! उतरा खाली, सगळे उतरा!" त्यांचं इतिहासाचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. तिन्ही मजले रिकामे झाले. काकाही खाली आले. मग त्यांनी खिसा चाचपला.

"कुलूप राहिलं. लावून आलोच."

ते जिन्यात होते तेवढ्यात इमारत बसली.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय. ते माझ्याही फोनवर आहे आता. शीळफाट्याला बस अडकली की मी उजवा इअरफोन कानात घालते, डावा मांडीवर ठेवते. किल्लेदार अजून बुरुजावर आहे, मागचा दरवाजा उघडा आहे, आणि मी पुस्तक पुढे सुरू करत नाही.