चार फुटांची सायकलपट्टी

"सोमवारपर्यंत दगड उचला, मॅडम," असे म्हणून साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

दगड माझेच होते. पिंप्राळ्याकडून बाजारपेठेत येणाऱ्या रस्त्याच्या कडेने मी त्यांची चुन्याने रंगवलेली ओळ मांडली होती आणि आत चार फुटांची सायकलपट्टी सोडली होती. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. जळगावात नगरपालिकेत मी ज्युनिअर इंजिनिअर होते. पट्टी हे माझे पहिले स्वतंत्र काम, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. सकाळी चुना वाळू लागला, की त्याचा थंड वास जवळच्या तेलगिरणीतल्या शेंगदाण्याच्या उबदार वासात मिसळे.

तक्रार कापडव्यापारी भाऊंची होती.

"ताई, सायकलींनी निम्मा रस्ता खाल्ला. माझा टेम्पो चालवू कुठे?"

"निम्मा नाही, भाऊ. चार फूट."

"तुमच्या टेपने चार. माझ्या ड्रायव्हरला विचारा."

साहेबांनी तोडगा काढला: आठ दिवस दगड काढून ट्रायल. वाहतूक सुधारली, तर पट्टी कायमची जाणार आणि माझ्या अहवालात 'सदोष नियोजन' असा शेरा येणार.

दगड हलले. मी एका दुकानाच्या पायरीवर मोजणीला बसले. मोजणीत प्रत्येक वाहन किती जागा अडवते, ते मोटारीच्या मापात धरतात. त्याला आम्ही पीसीयू म्हणतो. सायकल म्हणजे अर्धी मोटार. कागदावर रस्ता रुंद झाला होता.

एक गोष्ट मात्र कोष्टकात नव्हती. आमच्याकडे सायकलवर ओळखीचा माणूस भेटला, की त्याच्या शेजारून चालवत घरची ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पट्टीत जागा एकाचीच. तिथे पुढचा मान न वळवता ओरडे आणि मागचा ओरडून उत्तर देई. दगड गेले आणि माणसे जोडीने चालू लागली. तिसरा भेटला, तर तिघे.

तिसऱ्या दिवशी दूधवाले नाना आणि त्यांचे साडू सायकलींवर, रस्त्याच्या मधोमध, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालले होते. दुधाच्या कॅनच्या साखळ्या संथ लयीत किणकिणत होत्या. समोरून तशीच दुसरी जोडी. मागे भाऊंचा टेम्पो, आणि टेम्पोत भाऊ स्वतः. हॉर्न वाजला.

"नाना, बाजूले व्हा ना," ड्रायव्हर म्हणाला.

"थांब भो," नाना मागे न पाहता म्हणाले. "पोरना लगननं बोलनं चालू शे. रस्ता येवढा मोठा शे, जाय ना."

लग्न ठरेपर्यंत टेम्पो त्यांच्याच चालीने आला. माझ्या घड्याळाप्रमाणे सात मिनिटांच्या रस्त्याला वीस मिनिटे लागली.

आठव्या दिवशी भाऊ ऑफिसात आले. "दगड परत लावा. फक्त माझ्या दुकानासमोर नको. गिऱ्हाइकाला उतरायला जागा पाहिजे."

साहेबांनी मान डोलावली.

अहवालात मी लिहिले होते, 'सायकलस्वार शेजारी-शेजारी चालून संभाषण करतात.' साहेबांनी ते खोडून 'मंदगती वाहनांचा अडथळा' असे केले. शेरा टळला, नोकरी कायम झाली.

भाऊंच्या दुकानासमोरचे सोडून दगड परतले. पिंप्राळ्यापासून एका रांगेत ओरडत आलेली माणसे भाऊंच्या दुकानापाशी पोहोचताच पांगत, एक पाय जमिनीला टेकवत आणि राहिलेले बोलणे तिथेच सावकाश उरकून घेत. गिऱ्हाइकाला पायरी दिसेना. पंधरा दिवसांत भाऊंनी उरलेले दगड स्वतःच हातगाडीवरून आणून लावले. ओळ जराशी वाकडी आली.

त्यानंतर सायकलपट्टी आखताना मी नेहमी दोन फूट जास्त धरले. वाहनांची रुंदी कोष्टकात मिळते. बोलण्याची रस्त्यावर बसून मोजावी लागते.