पानिपतच्या गोदामाचं लॉगिन

नवऱ्याची दिल्ली छावणीत बदली झाली आणि मला गुडगावात नोकरी मिळाली. ऑफिसच्या आजूबाजूच्या निम्म्या इमारती अजून बांधकामातच होत्या. पानिपतच्या एका चादरींच्या कारखान्याचं गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. डेटाबेसवर गर्दी व्हायला लागली, म्हणून मध्ये पूलर बसवला. उघडी ठेवलेली मोजकी कनेक्शनं हा प्रोग्राम सगळ्यांना आळीपाळीनं वापरायला देई.

काही आठवड्यांनी तिथल्या स्टोअरकीपरला लॉगिन होईना. पासवर्ड चुकीचा, असं स्क्रीनवर येई. आमचे टीम लीडर म्हणाले, टाइप करताना चुकत असेल. कारखान्याच्या मालकाला वेगळाच संशय आला. यानं पासवर्ड बाहेर कुणाला तरी दिला आणि त्या माणसानं तो बदलून टाकला, असं त्यांनी धरलं आणि गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडून काढून घेतल्या.

स्टोअरकीपरनं मला फोन केला. “मॅडम, पासवर्ड मैंने किसी को नहीं दिया,” एवढंच म्हणाला. मध्ये बदलला होता का, असं मी विचारलं. तो म्हणाला, हो, तुमच्याच ऑफिसातून तशी सूचना आली होती.

त्याला विचारून मी त्याच्या खात्याला नवा पासवर्ड दिला आणि थेट डेटाबेसला जोडून पाहिलं. लगेच आत गेले. पूलरमधून गेले तर नकार. डेटाबेस प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतो, त्या लॉगमध्ये या नकाराचा मागमूसही नव्हता. म्हणजे आमची विनंती तिथपर्यंत पोचतच नव्हती. पूलर स्वतःच पासवर्ड तपासत होता आणि त्याच्यापाशी जुना पासवर्ड होता. बदललेला त्याला कुणी कळवलाच नव्हता. मी आत्ता दिलेला पासवर्ड पूलरमध्ये भरला, त्याला यादी नव्यानं वाचायला लावली, आणि पानिपतहून लॉगिन झालं.

टीम लीडरनी सांगितलं, मालकांना मेल कर, ‘युजर एरर’ लिही.

“सर, गलती स्टोअरकीपर की नहीं थी. मैं ये नहीं लिखूँगी.”

ते म्हणाले, बरं, जे झालं ते लिही, पण थोडक्यात. मी लिहिलं, शिवाय मालकांना फोनही केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि “अच्छा” म्हणून फोन ठेवला.

स्टोअरकीपरला किल्ल्या परत मिळाल्या. माफी मात्र कुणी मागितली नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, काम परत मिळालं, बस्स. पुढे पासवर्ड बदलण्याचं काम आम्ही आमच्याकडेच घेतलं. नवऱ्याची पुन्हा बदली झाली तेव्हा मी ती नोकरी सोडली.